आठ तास, ऐंशी किलोमीटर

आमचं हॉटेल आणि आमचं जहाज यांच्यात दीड किलोमीटर अंतर होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचता वाचता तुम्ही ते विसराल. मी विसरलो होतो.

झालं असं की, आत्या आणि काकांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. नागपूरला हॉल घेऊन जेवणावळी घालण्यापेक्षा सगळे मिळून क्रूझने गोव्याला जाऊ, असं कुणीतरी म्हणालं. कुणीतरी म्हणजे माझी बायको. पण तयारी कुणी करायची हा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू मुंबईचा नं," काका म्हणाले. मी डोंबिवलीचा. पण नागपूरहून बघितलं की कर्जतपर्यंत सगळी मुंबईच दिसते.

जहाज रविवारी सुटणार होतं, आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक. "सुटलेली गाडी पुढच्या स्टेशनात गाठता येते रे, सुटलेलं जहाज कुठे गाठणार?" असं म्हणून आत्याने आदल्या रात्री बंदराजवळच्या हॉटेलात राहायचं फर्मान काढलं. मी सीएसएमटीच्या मागे, जीपीओपासून हाकेच्या अंतरावर एक हॉटेल बघितलं. तिथून बॅलार्ड पिअर दीड किलोमीटर. आई, आत्या, काका, बायको, मुलगी आणि मी अशी सहा माणसं, नऊ बॅगा. एक चांगली गाडी सांगितली की झालं, असं मला वाटलं होतं.

पहिला फोन एका ट्रॅव्हल्सवाल्याला केला.

"कुठून कुठे?"

"फोर्टमधलं हॉटेल ते क्रूझ टर्मिनल."

"सांताक्रूझ. टी-वन की टी-टू?"

"सांता नाही हो. नुसतं क्रूझ."

"क्रूझर नाही आपल्याकडे. क्रूझर गावाकडं चालते. इथे एर्टिगा घ्या नाहीतर इनोव्हा."

"अहो, पोर्टला जायचंय मला."

"तेच लिहितोय मी. एअरपोर्ट."

"बंदर!" मी ओरडलो. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी मान वर करून बघितलं.

"हां, बंदर. मग कुठलं बंदर?"

हा प्रश्न मात्र रास्त होता. मुंबईत बंदरांना तोटा नाही. बोरीबंदर आहे, तिथे आगगाडी लागते, आणि तीही १८५३ पासून. मस्जिद बंदरला सुकामेवा आणि मसाले मिळतात. वाडीबंदरला रेल्वेचे डबे धुतात. चिंचबंदरला ना चिंच ना बंदर. अपोलो बंदरला होड्या असतात, पण त्या घारापुरीला जातात आणि निम्मे लोक त्यांच्याकडे पाठ करून फोटो काढत असतात. सगळं शहर समुद्रात पाय सोडून बसलंय, आणि जहाज कुठे लागतं ते विचारलं तर कुणाला धड सांगता येत नाही. नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २०२५ च्या सप्टेंबरात झालं, पेपरात फोटो आले, पण ट्रॅव्हल्सवाल्याच्या कानापर्यंत अजून 'सांता'च पोचला होता.

"बॅलार्ड पिअर," मी सांगितलं. "ग्रीन गेट."

"मग तसं बोला ना साहेब. लोकल पॅकेज लागेल. आठ तास, ऐंशी किलोमीटर. साडेतीन हजार. टोल, पार्किंग एक्स्ट्रा."

"मला दीड किलोमीटर जायचंय."

"मग साडेअठ्ठ्याहत्तर उरतील. फिरा ना."

"मी जहाजात असेन."

"ते तुम्ही बघा."

"चार तास चाळीस किलोमीटरचं नसतं का?"

"असतं ना. पण गॅरेज टू गॅरेज. आपलं गॅरेज मीरा रोडला. चाळीस तुमच्यापर्यंत येण्यातच संपतील."

या हिशोबात मला कुठेही चूक सापडेना, हेच जास्त लागलं. शेवटचा बाण म्हणून मी म्हटलं, मुंबईच्या वेशीवरचा टोल हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ मध्येच माफ झाला, मग एक्स्ट्रा टोल कसला? "तो फॉरमॅटमध्ये आहे साहेब," तो म्हणाला. फॉरमॅटपुढे कुणाचं चालत नाही.

सांगतो विचार करून, असं म्हणून फोन ठेवला आणि बाकीचे मार्ग धुंडाळले. हॉटेलच्या ट्रॅव्हल डेस्कवरच्या मुलाने प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड पुढे सरकवलं. त्यावर एअरपोर्ट, सिद्धिविनायक, लोणावळा आणि शिर्डी. बंदर नव्हतंच. "शिर्डीला ऑफर चालू आहे," तो म्हणाला. अ‍ॅपवर आगाऊ बुकिंग करता येतं म्हणून शनिवारी तालीम करून बघितली. गाडी मिळाली, ड्रायव्हरचा फोन आला, "कुठे जायचंय?" मी सांगितलं, त्याने अंतर बघितलं आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर नवी गाडी शोधणं सुरू झालं. असं तीनदा. रिक्षाचा प्रश्नच नव्हता, ती वांद्रे आणि शीवच्या पुढे दक्षिणेला पाऊल टाकत नाही. स्टेशनाबाहेरच्या काळी-पिवळीवाल्या चाचांनी मात्र खरं कारण सांगितलं. "दोन तास लायनीत उभा आहे. तुम्हाला इथे सोडायला गेलो की माझा नंबर गेला. बांद्रा असेल तर बोला." त्यांचं काही चुकत नव्हतं. या सगळ्या प्रकरणात चुकत कुणाचंच नव्हतं, फक्त गाडी मिळत नव्हती.

शेवटी साडेतीन हजारांची एर्टिगा सांगितली.

रविवारी अकराला एर्टिगा आली. म्हणजे "लोकेशनवर आहे" असा फोन आला, आणि नंतर वीस मिनिटांनी, दोन वळसे आणि एका ट्रॅफिक हवालदाराला चुकवून, खरोखरची गाडी आली. ड्रायव्हर लातूरकडचा, चार महिन्यांपूर्वी मुंबईत आलेला. अत्यंत सज्जन मुलगा. उतरून आधी आईच्या आणि आत्याच्या पाया पडला. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ या सज्जनपणात आहे.

एर्टिगात सात माणसं बसतात ही गोष्ट खरी आहे. एर्टिगात बॅगाही बसतात. दोन्ही एकदम बसत नाहीत. मागची सीट उभी केली तर डिकीत जेमतेम एक पिशवी आणि संत्रा बर्फीचे दोन डबे राहतात. मागची सीट आडवी केली तर बॅगा राहतात, माणसं फुटपाथवर. शेवटी ती सीट अर्धी आडवी, अर्धी उभी केली. उभ्या अर्ध्यात मुलगी, तिच्या मांडीवर एक सॅक, सॅकवर आत्याची पर्स. मधे आई, आत्या, बायको. पुढे काका, पायांत एक बॅग.

"वर कॅरिअर नाही का?" मी विचारलं.

"कॅरिअरवाली गाडी सांगितली नव्हती तुम्ही," ड्रायव्हर नम्रपणे म्हणाला.

"पद्मिनी का नाही सांगितलीस?" आतून आत्या. "तिच्या टपावर कॅरिअर असायचं. आमचं अख्खं बिऱ्हाड एका टॅक्सीत गेलं होतं गिरगावातून."

आत्या गिरगावात वाढली. १९७५ मध्ये लग्न होऊन नागपूरला गेली, आणि तिच्या डोक्यातली मुंबई त्या साली ज्या जागी होती त्याच जागी आहे. सीएसएमटीला ती व्हीटीच म्हणते. पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्येच मुंबईच्या रस्त्यावरून गेली हे मी तिला सांगितलं. "काहून?" काका हळहळले. "चांगली गाडी होती बापा." शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ ची, टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची, त्यामुळे तिलाही सेवानिवृत्त व्हावं लागलं, असं मी म्हटलं तेव्हा त्यांना पटलं. काका रेल्वेतून निवृत्त झालेत.

एवढं होईपर्यंत लक्षात आलं की एक बॅग आणि एक माणूस उरलाय. बॅग काळी, चाकांची. माणूस मी.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "मी येतो चालत. ग्रीन गेटला भेटू. दादा, लोकेशन पाठवलंय तुम्हाला."

साडेतीन हजार रुपये मोजून सांगितलेली गाडी माझ्या डोळ्यांदेखत मला सोडून गेली. मागच्या काचेतून मुलीने हात हलवला.

खरं सांगतो, ते चालणं फार सुरेख झालं. रविवारी बॅलार्ड इस्टेट म्हणजे सुट्टी लागलेली शाळा. इंदिरा गोदी, तेव्हाची अलेक्झांड्रा, खणताना निघालेल्या मातीवर हा सगळा भाग उभा राहिला. गेट वे ऑफ इंडियाचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज विटेटनेच इथल्या इमारतीही आखल्या. एका उंचीच्या, एका इस्त्रीच्या. ना फेरीवाला, ना हॉर्न. फरशीवर माझ्या बॅगेच्या चाकांचा खडखडाट तेवढा चाललेला. एका वॉचमनने विचारलं, कुठे निघालात? "जहाजाला." तो म्हणाला, "हे काय, समोर." आणि खरंच, दोन इमारतींच्या फटीतून एक पांढरी शुभ्र भिंत दिसत होती, तिला खिडक्या होत्या, आणि ती भिंत नव्हती. बावीस मिनिटांत मी ग्रीन गेटला पोचलो.

गाडी आली नव्हती.

दहा मिनिटं थांबलो. मग फोन लावला.

"आम्ही कधीच पोचलो!" आत्या आनंदात होती. "तू आहेस कुठे? बोट लागलीय. पण काय रे, फारच लहान आहे."

"लहान?"

"अगदीच लहान. आणि स्कूटर पण चढवतायत त्यावर."

माझ्या पोटात गोळा आला. "आत्या, वास कसला येतोय?"

"मासळीचा. पण ताजी आहे हो."

ते भाऊच्या धक्क्यावर होते.

नंतर जुळवलेली हकीकत अशी. गाडी निघाली, मोबाइलमधली बाई उजवीकडे वळा म्हणाली, आणि आत्या म्हणाली, "कुठे उजवीकडे? बोट म्हणजे भाऊचा धक्का. आम्ही लहानपणी मे महिन्यात कोकणात जायचो ते काय बॅलार्ड इस्टेटीतून?" तिचं अगदीच चूक नव्हतं. कोकणच्या बोटी धक्क्यावरूनच सुटायच्या. शिवाय नकाशावर क्रूझ टर्मिनल म्हणून शोधलं तर माझगावलाही एक ठिपका दिसतो, मांडव्याची रो-रो जिथून सुटते तिथला. ड्रायव्हरने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. "लोकेशन हुतं की माझ्याकडं," तो मला नंतर म्हणाला, "पर आजी म्हनल्या म्हनल्यावर…" जिच्या सकाळी पाया पडलो तिच्यावर दुपारी अविश्वास कसा दाखवायचा?

परतीच्या वाटेवर डिमेलो रोड तुंबलेला. ऑरेंज गेटपासून मरिन ड्राइव्हपर्यंत भुयारी रस्त्याचं काम चाललंय, त्याचे पत्रे लावून रस्ता अर्धा झालेला. दर पाच मिनिटांनी मी फोन करत होतो. आधी बायको बोलली, मग बोलेनाशी झाली. काका मात्र खुशीत होते. "तुला सांगतो, १९२८ मध्ये फ्रंटियर मेल सुरू झाली नं, तर हंगामात ती थेट बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनातून सुटायची. साहेब बोटीतून उतरला की गाडीत. मधे एर्टिगा नाही, काही नाही." शंभर वर्षांपूर्वी जमत होतं ते, असं म्हणून ते थांबले. बहुधा बायकोने त्यांच्याकडे बघितलं असावं.

सव्वा वाजता गाडी ग्रीन गेटला लागली. चेक-इन दोनला बंद होणार होतं. मी बॅगा उतरवायला धावलो तर आत्याच्या हातात एक काळी पिशवी. ठिबकणारी.

"दोन पापलेटं आहेत," ती म्हणाली. "भाव ऐकून राहवलं नाही. नागपूरला कुठे मिळतात अशी?"

"आत्या, आपण नागपूरला नाही, जहाजावर चाललोय. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही."

"खाणं कुठे? कच्ची आहेत."

आईने निर्णय दिला, पापलेटं ड्रायव्हरला. त्या मुलाने आयुष्यात पापलेट हातात धरलं नव्हतं. "आजी, ह्याचं करायचं काय?" चेक-इनला पस्तीस मिनिटं उरलेली असताना आत्या गाडीच्या खिडकीशी वाकून त्याला आलं-लसूण-कोकमाचं वाटण समजावत होती. रवा कधी लावायचा हे तिने दोनदा सांगितलं. त्याने फोनमध्ये रेकॉर्ड करून घेतलं. मीरा रोडला पोचेपर्यंत त्या माशांचं काय झालं असेल याचा विचार मी करायचं टाळतो.

बिल जहाजात चढल्यावर मोबाइलवर आलं. एकूण किलोमीटर एक्क्याण्णव. जादा अकरा किलोमीटरचे पैसे वेगळे. माझ्या वाट्याला त्यातला शून्य किलोमीटर आला होता. टोलच्या रकान्यात काही नव्हतं, पण रकाना होता.

पाचच्या सुमारास भोंगा झाला. आम्ही सगळे वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभे. काकांनी पिसारा फुलवल्यासारखा हात फिरवून जीपीओचा घुमट दाखवला, मग सीएसएमटी, मग बॅलार्ड इस्टेटीची छपरं. इतक्या उंचीवरून मुंबई फार समजूतदार दिसत होती.

"ते आपलं हॉटेल," मुलगी म्हणाली.

खरंच होतं. गच्चीवरची निळी टाकी, खाली पाटी, तिसऱ्या मजल्यावर आमच्या खोल्या. एका खिडकीच्या गजावर काहीतरी लाल फडफडत होतं.

आत्याने चष्मा पुसून नीट पाहिलं.

"अरे देवा, माझा टॉवेल राहिला वाळत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जवळच तर आहे रे. पटकन जाऊन आणतोस का?"