रंगपटात फिरणारी गोळी

जत्रांचा मोसम आला की आपल्या गोव्यात गावोगावी नाटकं उभी राहतात, आणि रंगपटात स्टेजच्या भीतीवरची म्हणून एक गोळी हातोहात फिरू लागते. सिप्लार म्हणा नाहीतर इंडेराल, आत औषध एकच : प्रोप्रॅनोलॉल. हे थांबलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

औषध वाईट नाही. सर जेम्स ब्लॅक यांनी साठच्या दशकात ते छातीत कळ येणाऱ्या हृदयरोग्यांसाठी शोधलं. त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं. आज ते प्रेशर, अर्धशिशी, हातांचा कंप, थायरॉईडची धडधड अशा कितीतरी दुखण्यांवर देतात. एन्ट्रीच्या आधी अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे घाबरल्यावर अंगात सुटणारं संप्रेरक, उसळतं, ते हृदयाला धावडवू पाहतं, ही गोळी त्याची वाट अडवते. भीती मनात असतेच, पण हात कापत नाहीत. म्हणून तर नेमबाजीत ती निषिद्ध आहे. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू यांची दोन पदकं याच औषधापायी गेली.

पण ती फक्त हृदयापाशी थांबत नाही. दम्याचा पंप श्वासनलिकांतली जी दारं उघडतो, तीच ही बंद करते. फोंडा महालातल्या एका जत्रेत नांदीच्या आधी एक जण नव्या मुलीला सांगत होता, "घे गो, अर्धीच घे, काय होत नाही." तिच्या मेकअपच्या डब्यात, काजळाच्या शेजारी, निळा पंप होता. मी गोळी तिच्या हातातून काढून घेतली. तो माझ्यावर रागावला, रागावू दे.

मधुमेहाचंही तेच. २०२३च्या आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. इन्शुलिन घेणाऱ्याची साखर उतरली की आधी धडधड, थरथर होते. ही गोळी तीच खूण झाकते. घाम तेवढा फुटतो, आणि मेकअपखाली, दिव्यांच्या उजेडात तो कोणाला वेगळा कळणार?

ज्यांना ती रोजची आहे त्यांनी प्रेशर नॉर्मल आलं म्हणून एकदम सोडूही नये. हृदयाचं दुखणं असेल तर अचानक सोडल्याने झटका येऊ शकतो. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

चिठ्ठीशिवाय ही गोळी देणारे फार्मसीवालेही तितकेच जबाबदार आहेत.

दिग्दर्शकांनो, तालमी सुरू होतानाच विचारून ठेवा : दमा कोणाला आहे, इन्शुलिन कोण घेतो. गोळी हवीच असेल त्याने आधी डॉक्टरकडून नाडी आणि प्रेशर तपासून घ्यावं, आणि त्यांनी दिलीच तर पहिली गोळी तालमीच्या दिवशी घेऊन पाहावी, प्रयोगाच्या रात्री नव्हे.