सव्हॅना सौंदर्यामुळे वाचले नाही, आणि ते अर्ध्या दिवसात पाहूनही होत नाही

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटिक किनाऱ्याजवळ, दीड लाखाच्या आसपास वस्तीचे सव्हॅना नावाचे शहर आहे. अटलांटाहून मोटारीने ते साधारण चार तासांवर असल्याने तिथल्या मराठी कुटुंबांच्या लाँग वीकेंडच्या बेतांत त्याचे नाव हमखास निघते, आणि नाव निघाले की एक ठरावीक मजकूरही पुढे पाठवला जातो. त्याचा आशय थोडक्यात असा: गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिण राज्यांत झालेल्या यादवी युद्धात उत्तरेचा जनरल शर्मन याने अटलांटा जाळले, पण सव्हॅना इतके सुंदर होते की ते जाळायला त्याचा हात धजावला नाही, त्यामुळे जुने शहर जसेच्या तसे उरले, आता तिथे सिनेमातले बाक, रात्रीची भुतांची फेरी आणि नदीकाठची प्रालीन मिठाई एवढेच पाहण्याखाण्यासारखे आहे, तेव्हा अर्धा दिवस पुरे, आणि शाकाहारी असाल तर डबा बरोबर न्या. या मजकुरातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा किंवा अर्धवट आहे, आणि त्यावर विसंबून जाणारा माणूस नेमके पाहण्यासारखे टाळून परत येतो.

पहिला मुद्दा शर्मनचा. नोव्हेंबर १८६४ च्या मध्यास सुमारे साठ हजारांचे सैन्य घेऊन तो अटलांटाहून निघाला, तेव्हा त्याने पाठीमागची रसद तोडली होती आणि सैन्य वाटेतल्या शेतांवर, कोठारांवर पोट भरत चालले होते. समुद्राजवळ पोहोचल्यावर अशा सैन्याची सर्वांत मोठी गरज असते ती चालू बंदराची. १३ डिसेंबरला ओगीची नदीच्या मुखाजवळचा फोर्ट मॅकॲलिस्टर पडला आणि किनाऱ्यावर वाट पाहत असलेल्या नौदलाशी त्याचा संपर्क झाला. शहराचे रक्षण करणारा दक्षिणेचा जनरल हार्डी २० डिसेंबरच्या रात्री तरंगता पूल टाकून आपल्या फौजेसह साउथ कॅरोलायनात निसटला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे महापौर रिचर्ड आर्नल्ड यांनी शहर उत्तरेच्या सैन्याच्या स्वाधीन केले. लढाई न होता हाती आलेले, गोद्या आणि वखारी शाबूत असलेले बंदर जाळून टाकण्यात कोणत्याही सेनापतीला काही लाभ नव्हता. २२ डिसेंबरला शर्मनने अध्यक्ष लिंकन यांना पाठवलेली तार प्रसिद्ध आहे: नाताळची भेट म्हणून सव्हॅना शहर, दीडशे अवजड तोफा, भरपूर दारूगोळा आणि कापसाच्या सुमारे पंचवीस हजार गासड्या. ही सरळसरळ मालाची यादी आहे. आपल्या आठवणींत त्याने सव्हॅना हे देखणे शहर समजले जाते असे लिहिले आहे, हे मान्य. परंतु देखणे वाटणे आणि देखणे वाटल्यामुळे सोडून देणे यांत जे अंतर आहे, ते या मजकुराने परस्पर बुजवून टाकले आहे.

या दंतकथेचा खरा तोटा असा की तिच्यामुळे मॅडिसन चौकातील ग्रीन-मेल्ड्रिम हाउस हे घर केवळ ‘शर्मन राहिला ते घर’ म्हणून बाहेरून पाहिले जाते. चार्ल्स ग्रीन या इंग्रज कापूस व्यापाऱ्याचे हे घर शर्मनचे मुख्यालय होते, आणि १२ जानेवारी १८६५ रोजी तिथे एक असाधारण बैठक झाली. युद्धमंत्री स्टँटन आणि शर्मन यांच्यासमोर शहरातील वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशक बसले होते, त्यांतले अनेक स्वतः गुलामीत दिवस काढलेले. त्यांच्या वतीने ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर बोलले. स्वतंत्र झालेल्या माणसांना काय हवे, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते: जमीन, आणि ती आपल्या श्रमाने कसण्याची मुभा. चारच दिवसांनी शर्मनने किनारपट्टीचा पट्टा मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंतच्या तुकड्यांनी देण्याचा हुकूम काढला, आणि त्याच वर्षी पुढे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो फिरवून जमिनी जुन्या मालकांकडे परत जाऊ दिल्या. अमेरिकेत आजही ‘चाळीस एकर’ हे शब्द ज्या फसलेल्या वचनासाठी उच्चारले जातात, त्याची सुरुवात या घरातल्या बैठकीपासून होते. शर्मनला शहर आवडले होते का, यापेक्षा हा प्रश्न कितीतरी मोलाचा आहे.

शहर जसेच्या तसे उरले, हा दुसरा मुद्दा तर तिथल्या लोकांवर अन्याय करणारा आहे. १७९६ आणि १८२० च्या आगींत शहराचा मोठा भाग जळाला होता. विसाव्या शतकात आगीची जागा मोटारींनी घेतली. जेम्स ओगलथॉर्प याने १७३३ मध्ये शहर वसवताना जी आखणी केली, तिच्यात प्रत्येक वॉर्डाच्या मध्यभागी एक मोकळा चौक, त्याच्या उत्तरेस आणि दक्षिणेस घरांचे भूखंड, आणि पूर्वेस व पश्चिमेस सार्वजनिक इमारतींसाठी राखलेल्या जागा होत्या. शहर वाढले ते याच साच्याची पुनरावृत्ती करत, आणि १८५१ पर्यंत असे २४ चौक झाले. आज २२ आहेत, कारण रस्तारुंदीपायी काही मोडले आणि सगळेच परत मिळाले नाहीत. एलिस चौकातली जुनी मंडई १९५४ मध्ये पाडून तिथे पार्किंगची बहुमजली इमारत उभारण्यात आली. पुढच्याच वर्षी आयझाया डेव्हनपोर्ट याचे १८२० सालचे घर पाडले जाणार असे दिसताच सात स्त्रियांनी एकत्र येऊन हिस्टॉरिक सव्हॅना फाउंडेशन स्थापन केले, पैसे उभे केले आणि ते घर विकत घेतले. नंतर ही संस्था पाडायला निघालेली घरे घेऊन, ती दुरुस्त करण्याच्या अटीवर पुन्हा विकत राहिली. एलिस चौकातली ती पार्किंगची इमारत अखेर पाडण्यात आली, मोटारी जमिनीखाली गेल्या आणि २०१० मध्ये वर पुन्हा चौक झाला. डेव्हनपोर्ट हाउस आणि एलिस चौक ही दोन ठिकाणे एकापाठोपाठ पाहिली, तर या शहराला वाचवण्याचे श्रेय कोणाचे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सिनेमातल्या बाकाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. टॉम हँक्सच्या ‘फॉरेस्ट गम्प’ या १९९४ सालच्या चित्रपटासाठी चिपवा चौकाच्या कडेला ठेवलेले बाक हे चित्रीकरणाचे साहित्य होते. चौकात ते नाही, शहराच्या इतिहास संग्रहालयात त्यातले एक ठेवलेले आहे. चौकात आहे तो ओगलथॉर्पचा पुतळा, आणि तो वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकातील बैठी मूर्ती घडवणाऱ्या डॅनियल चेस्टर फ्रेंच याचा आहे. त्याचे तोंड दक्षिणेकडे आहे, कारण त्या काळी शत्रू, म्हणजे फ्लोरिडातले स्पॅनिश, त्या दिशेला होते. बाकच पाहायचे असेल तर शहराच्या पूर्वेला विल्मिंग्टन नदीकाठच्या बोनाव्हेंचर दफनभूमीत जावे. सव्हॅनात जन्मलेला कवी कॉनरड एकेन याच्या थडग्याचा दगड बाकाच्या आकाराचा आहे आणि त्यावर बसायला कोणी मनाई करत नाही.

भुतांच्या फेरीला माझा विरोध करमणूक म्हणून नाही. ज्यांना कंदील घेऊन रात्री हिंडायचे आहे त्यांनी जरूर हिंडावे. आक्षेप आहे तो ‘एवढेच करण्यासारखे आहे’ या वाक्याला, कारण ज्या माणसांची दुःखे खरीखुरी नोंदलेली आहेत, त्यांच्या जागा या फेऱ्यांच्या नादात सुटतात. जॉर्जिया वसाहतीत सुरुवातीला गुलामगिरीला बंदी होती. १७५१ मध्ये ती उठली, आणि पुढे भातशेती व कापूस यांच्या पैशावर या शहरातले वाडे उभे राहिले. ओगलथॉर्प चौकातील ओवेन्स-थॉमस हाउस हा विल्यम जे या तरुण इंग्रज वास्तुविशारदाने आखलेला १८१९ चा वाडा आहे. तिथे दिवाणखान्याइतकेच लक्ष मागच्या अंगणातील गुलामांच्या खोल्यांकडे दिले जाते, आणि छतावरचा जुना निळा रंग अजून दिसतो. फ्रँकलिन चौकातील फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चची १८५९ मध्ये पूर्ण झालेली इमारत गुलामीतल्या लोकांनी दिवसभराचे काम संपल्यावर बांधली. तिच्या तळघरातील जमिनीत चौकटीच्या नक्षीत भोके पाडलेली आहेत. पळून आलेली माणसे खाली लपत आणि ही भोके त्यांच्या श्वासासाठी होती, असे चर्चची परंपरा सांगते. ही इमारत ज्या वर्षी पुरी झाली त्याच वर्षी, २ आणि ३ मार्चला, शहराबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर पियर्स बटलर या मळेमालकाने कर्ज फेडण्यासाठी चारशेहून अधिक माणसे लिलावात विकली. दोन्ही दिवस पाऊस कोसळत होता. तिथल्या कृष्णवर्णीय समाजाच्या स्मरणात ही घटना ‘रडण्याचा काळ’ म्हणून राहिली आहे, आणि शहराच्या पश्चिम भागात तिचा फलक २००८ पासून आहे. हे सगळे पाहिल्यावर नदीकाठी प्रालीन जरूर खावी. पण पायाखालचे गोटे जहाजांनी समतोलासाठी आणलेले आहेत आणि वरच्या अंगाच्या, लोखंडी पुलांनी जोडलेल्या कचेऱ्यांतून कापसाचे दलाल सौदे करत, हेही मान वर करून पाहावे.

शाकाहाराची सूचना अतिरेकी आहे, पण तिच्यात तथ्याचा अंश आहे. या किनाऱ्यावरच्या गल्ला गीची लोकांचे, म्हणजे गुलाम करून आणलेल्या पश्चिम आफ्रिकी माणसांच्या वंशजांचे, जेवण भात, भेंडी, चवळीच्या जातीची कडधान्ये आणि पालेभाज्या यांवर उभे आहे, म्हणजे जिन्नस आपल्या ओळखीचे आहेत. मात्र टोमॅटो घालून केलेल्या लाल भातात आणि कोलार्ड या पालेभाजीत चवीसाठी डुकराचे मांस घालण्याची रीत आहे, म्हणून नुसते ‘भाजी आहे ना’ असे न विचारता ती कशात शिजवली आहे हे विचारावे. एवढी चौकशी केली तर डब्याची गरज पडत नाही.

राहिला अर्ध्या दिवसाचा हिशेब. चौक पायी पाहायचे असतात. जुन्या शहरात मोटार ठेवून द्यावी, कारण तिथे मोफत फिरणारी बस आणि नदी ओलांडणारी मोफत बोट दोन्ही आहेत. नदीपासून फोर्सिथ पार्कमधल्या १८५८ च्या कारंज्यापर्यंत थांबत थांबत, दोन घरे आतून पाहत चालले तर एक दिवस संपतो. ओवेन्स-थॉमस हाउसच्या तिकिटात टेलफेअर संग्रहालयाच्या आणखी दोन इमारती येतात, त्याही घाईने उरकण्याजोग्या नाहीत. मार्चच्या मध्यास सेंट पॅट्रिकची मिरवणूक असते, तेव्हा गर्दी आवडत नसेल तर तो आठवडा टाळावा. दुसरा दिवस बोनाव्हेंचर आणि समुद्राच्या वाटेवरच्या फोर्ट पुलास्कीसाठी ठेवावा. विटांच्या जाड भिंतींचा हा किल्ला अभेद्य समजला जात होता. एप्रिल १८६२ मध्ये टायबी बेटावरून, मैलाहून अधिक अंतरावरून, आटे पाडलेल्या नळीच्या नव्या तोफांनी उत्तरेच्या सैन्याने तो सुमारे तीस तासांत नमवला, आणि त्यानंतर असे किल्ले बांधण्यात अर्थ उरला नाही. त्या माऱ्याच्या खुणा आग्नेयेकडच्या भिंतीवर अजून दिसतात. तिथून पुढे टायबीचे दीपगृह आणि पुळण काही मिनिटांवर आहेत. निघण्यापूर्वी भरतीच्या वेळा मात्र पाहून घ्याव्यात, कारण टायबीला जाणारा हायवे ८० हा एकच रस्ता आहे आणि मोठ्या उधाणात त्याच्यावर पाणी चढते.