तबलजीला सुरातलं काय कळतं?

आमच्या गावच्या संगीत मंडळात सध्या वाद पेटलाय. वार्षिक समारंभासाठी चाळीस मुलांचं वृंदगान आणि वाद्यवृंद एकत्र बसवायचा आहे, आणि ते काम तबला शिकवणाऱ्या सरांकडे द्यावं असं कुणीतरी सुचवलं. त्यावर बैठकीत एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "तबलजीला सुरातलं काय कळतं? त्याने आपला ठेका धरावा." दादाने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी पन्नास नंबरच्या बसमध्ये होतो. संतापात माझा स्टॉप मागे गेला तेही कळलं नाही.

मी बावीस वर्षं बर्मिंगहॅममध्ये राहतो. हे शहर संगीताच्या जगात ज्याच्यामुळे मोठं झालं, तो माणूस मुळात तालवादक. सायमन रॅटल. १९५५ चा लिव्हरपूलचा जन्म, शाळकरी वयात तिथल्या युवा वाद्यवृंदात आणि पुढे नॅशनल यूथ ऑर्केस्ट्रात तालवाद्यं वाजवायचा. १९७४ साली, एकोणिसाव्या वर्षी कंडक्टरांची, म्हणजे वाद्यवृंद चालवणाऱ्यांची, स्पर्धा जिंकला. १९८० मध्ये, पंचविशीत, इथल्या सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिम्फनी ऑर्केस्ट्राची सूत्रं त्याच्या हाती आली आणि तो १९९८ पर्यंत इथे राहिला. १९९१ साली ब्रॉड स्ट्रीटवर सिम्फनी हॉल उघडला, त्यामागे त्याच्या इथल्या पहिल्या अकरा वर्षांचा जोर होता. पाठीमागे ढोल बडवणाऱ्याला पुढे कसं उभं करायचं, असं म्हणत हे शहर अडून बसलं नाही.

आणि पाठीमागे बसणं म्हणजे काय असतं, हे त्या सभासदांना कुणी समजावून सांगावं. सिम्फनी ऑर्केस्ट्रात तालवादक सगळ्यांच्या मागे, बहुधा उंचावर असतो. व्हायोलिनवाले जवळजवळ सतत वाजवत असतात. तालवादक मात्र पुष्कळ वेळ गप्प बसून मोजत असतो. चेक संगीतकार ड्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीत झांजेला सबंध चाळीसेक मिनिटांत एकच आघात आहे, तोही शेवटच्या भागात आणि हलका. तो चुकायचा नसेल तर बाकी सगळं कान देऊन ऐकावं लागतं: ओबो कुठे श्वास घेतो, चेलो कुठे ओढतात, कोण घाई करतंय. टिंपनी म्हणजे सुरात लावलेले मोठे नगारे. टिंपनीवाल्याला तर वाजवता वाजवता कातड्याचा सूर बदलावा लागतो, बाकीचे वेगळ्याच सुरात असताना कान टिंपनीला लावून. सूर कळत नाही म्हणे! आमच्याकडे तबला लावताना हातोडीने गठ्ठे ठोकत षड्जाशी जुळवणारा माणूस काय करत असतो?

आणखी एक गोष्ट. बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचे वादक आपला प्रमुख स्वतः मतदान करून निवडतात. १९९९ साली त्यांनी रॅटलला निवडलं, आणि २००२ ते २०१८ तो तिथे होता. आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत दादाच्या माहितीप्रमाणे एकही वाजवणारा नाही.

दादा म्हणतो, "तुमच्याकडे काय सगळं सोन्याचं आहे का?" नाही. इथल्या काउन्सिलने २०२३ मध्ये सेक्शन ११४ जाहीर केलं, म्हणजे जवळजवळ दिवाळंच, आणि नंतर ऑर्केस्ट्राची ग्रँट पार बंद करायचं ठरवलं. रॅटलही अखेर लंडनचा ऑर्केस्ट्रा सोडून म्युनिकच्या ऑर्केस्ट्राकडे गेला. मला हे ठाऊक आहे. पण पैसा नसणं वेगळं आणि माणसाला त्याच्या वाद्यावरून पायरी दाखवणं वेगळं, हे मी दादाला पुन्हा पुन्हा सांगतो. तो मुंबईच्या सिनेसंगीतातल्या केरसी लॉर्डांचं उदाहरण देतो. तालवादक होते आणि अरेंजरही. आपल्याकडेही झालंय की. खरं आहे. मग गावाने ते का विसरावं?

एवढा राग का येतो, तेही सांगायला हवं. आमचे बाबा तबला वाजवायचे. पंचक्रोशीत येणाऱ्या प्रत्येक गायकाच्या साथीला बाबा. पत्रिकेत गायकाचं नाव ठळक, खाली बारीक अक्षरात "तबला साथ". मानधनाचं पाकीट वेगळं, पातळ. मी सातवीत असताना मित्रांना सांगायचो, बाबा सोसायटीत कारकून आहेत. ते होतेच कारकून, पण संध्याकाळी ते कोण असायचे हे मी कधी बोललो नाही. मी तबला शिकलो नाही. त्यांनी एकदाच विचारलं होतं.

गेल्या वर्षी इथल्या आपल्या मंडळींच्या गणेशोत्सवाचं पोस्टर माझ्याकडे होतं. गायिका पुण्याहून येणार होत्या. त्यांचा फोटो घातला, नाव घातलं. तबल्याला लेस्टरचा एक तरुण होता. जागा पुरेना म्हणून मी त्याचं नाव काढलं. तो काही बोलला नाही. कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलू लागला, जेवून लेस्टरला परत गेला. दादाचा फोन आला त्या रात्री ते पोस्टर मी लॅपटॉपवर उघडून पाहिलं. फुलांची नक्षी खालच्या बाजूला चार बोटं जागा खाऊन बसली होती. त्याला दुसऱ्या दिवशी फोन केला, माफी मागितली. तो म्हणाला, "अहो काका, होतं असं." ते "होतं असं" मला बाबांच्या तोंडून ऐकल्याची आठवण आहे.

दादाला म्हटलं, सरांच्या बाजूने माझं पत्र बैठकीत वाच. तो म्हणाला, "वाचेन, पण तू सभासद आहेस का?" नव्हतो. वर्गणी इथे आलो त्या वर्षापासून भरलेली नाही. बाबा गेल्यावर तर मंडळाच्या जिन्याची पायरीही चढलो नाही. मी पैसे पाठवले. पावतीवर कुठला पत्ता घालायचा, असं दादाने विचारलं, आणि मला उत्तर द्यायला वेळ लागला.

"घरचाच घाल," म्हटलं.