कॅन्ससच्या खडीवरून दिसणारी आमची पाणंद

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात दोन तट पडले. 437 किलोमीटरची ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत मुळशी, मावळ, पुरंदर, बारामतीच्या रस्त्यांवरून गेली. त्यासाठी रस्त्यांवर नवं डांबर पडलं. पुण्यातली भावंडं खूश होती. मंगळवेढ्याकडची मंडळी चिडली होती. माझ्या चुलत्यांनी, नानांनी, एकच वाक्य पाठवलं : "पाव्हण्यांच्या सायकलींसाठी रस्ता हुतोय, आन् आमच्या ज्वारीची गाडी निघायला वाट न्हाई."

त्यांना काय उत्तर द्यावं, हे मला बरेच दिवस सुचलं नाही. कारण मी जिथे राहते तिथे सायकलींची शर्यत आणि शेतकऱ्याचं धान्य एकाच रस्त्यावरून जातं, आणि त्या रस्त्यावर डांबराचा थेंब नसतो.

मी अकरा वर्षं कॅन्ससमध्ये टोपेका इथे राहते. तासाभराच्या अंतरावर एम्पोरिया हे जेमतेम चोवीस-पंचवीस हजार वस्तीचं गाव आहे. 2006 मध्ये तिथून 34 सायकलस्वार दोनशे मैलांच्या, म्हणजे सुमारे 320 किलोमीटरच्या, शर्यतीला निघाले होते. जवळजवळ सगळी वाट खडीची. आज 'अनबाउंड ग्रॅव्हल' नावाच्या याच शर्यतीसाठी जगभरातून हजारो लोक येतात. मे संपताना, जून लागताना गावात खोली मिळत नाही. पहाटे कमर्शियल स्ट्रीटवर ग्रॅनाडा थिएटरसमोर सगळे गोळा होतात आणि तिथून फ्लिंट हिल्समध्ये शिरतात.

फ्लिंट म्हणजे चकमकीचा दगड. या टेकड्यांवर मातीचा थर इतका पातळ आहे आणि खाली चकमक इतकी, की नांगर चालला नाही. म्हणून इथलं उंच गवताचं माळरान वाचलं. बाकी अमेरिकेत ते जवळजवळ सगळं नांगराखाली गेलं. रस्त्यावर चुनखडीची खडी पसरलेली असते, उन्हात पांढरी दिसते, आणि मधूनच चकमकीचा पात्यासारखा तुकडा टायर चिरतो. म्हणून इथल्या सायकली वेगळ्या. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर चाळीस ते पन्नास मिलिमीटर रुंद, आत ट्यूब नाही, तिच्याऐवजी पातळ द्रव, जो लहान भोक पडलं की तिथे जमून ते बुजवतो. हवा मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे टायर दगडावरून उसळत नाही, त्याला लपेटून पुढे सरकतो. डिस्क ब्रेक, कारण चिखलात रिमवरचे ब्रेक निकामी होतात.

चिखलाबद्दल मात्र मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. 2023 च्या शर्यतीत आदल्या पावसाने सुरुवातीच्याच मैलांत एक कच्चा पट्टा असा भिजला होता, की भले भले स्वार सायकल खांद्यावर घेऊन चालत होते. चाक आणि फ्रेमच्या मध्ये माती घट्ट बसायची, चाक फिरेनासं व्हायचं. ती खरवडायला लोक खिशात रंग ढवळायची लाकडी पट्टी ठेवतात. त्या वर्षी पहिल्या आलेल्या पुरुष स्वाराला दहा तासांच्या वर लागले, पुढच्या वर्षी कोरड्या वाटेवर सव्वानऊच्या आत काम झालं. इथले लोक त्या मातीला शेंगदाण्याच्या लोण्याची उपमा देतात. मला आठवतात आमच्या काळ्या रानातले बैल आणि गाडीच्या धावेवर चढलेला, हाताने उपसून काढावा लागणारा चिखल. लहानपणी ते काम आम्हा पोरांकडे असायचं. ती माती अंगठ्याने निघत नाही, त्यासाठी खुरपंच लागतं.

गेल्या वर्षी मी पन्नास मैलांच्या गटात सायकल चालवली. गावं मागे पडली तशी एक गोष्ट मनात ठसली. शर्यतीसाठी रस्ता कुणी सजवला नव्हता. जो रस्ता वर्षभर ज्वारी, सोयाबीन, गुरं वाहतो, तोच होता. हो, ज्वारी. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते, पण ती बुटकी असते, गुरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जाते. भाकरीला नाही.

हा रस्ता टिकतो कसा, ते मी नंतर नीट पाहिलं. 1785 च्या कायद्याने अमेरिकेने जमीन एक-एक चौरस मैलाच्या चौकटींत मोजायला घेतली, कॅन्ससमध्ये ती मोजणी 1850 च्या दशकात पोचली. चौकटीच्या कडेने रस्ते आले, म्हणून नकाशात ते शाळेच्या वहीतल्या चौकोनांसारखे दिसतात. राज्यात सुमारे 1 लाख 40 हजार मैल सार्वजनिक रस्ते आहेत आणि त्यांतले बहुतेक अजूनही डांबराविना आहेत. त्यांची देखभाल काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, करते, काही ठिकाणी टाउनशिप, म्हणजे काउंटीतला लहान विभाग. ग्रेडर, म्हणजे लांब पात्याने रस्ता सारखा करणारं यंत्र, येतो, खडी मध्यावर ओढतो, रस्त्याला कासवाच्या पाठीसारखा उंचवटा देतो, दोन्ही कडेचे चर मोकळे करतो. पाणी रस्त्यावर थांबत नाही, म्हणून रस्ता राहतो. जिथे एवढंही परवडत नाही तिथे काउंटी पाटी लावते : किमान देखभालीचा रस्ता, स्वतःच्या जबाबदारीवर जा. 2023 चा चिखल अशाच पट्ट्यातला. त्या पाटीचा मला आदर वाटतो. सरकार जे करू शकत नाही ते लिहून मोकळं होतं, आणि तरीही तो रस्ता सरकारी रस्ताच राहतो, कुणाच्या शेतात विरघळून जात नाही.

तिथली मोजणीची साखळी 66 फुटांची होती. आमच्या गावनकाशाची साखळी तिच्या बरोबर निम्मी, 33 फुटांची. 33 बाय 33 चा एक गुंठा, असे चाळीस म्हणजे एकर. मोजणारे दोन्हीकडे इंग्रजांचीच पद्धत घेऊन आले होते. आमच्याही नकाशांत वाटा आहेत. गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. पायमार्ग तुटक एकेरी रेषेने, सव्वाआठ फुटांचा. कागदावर आपली पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी वाट, कुठल्याही अमेरिकन खडीच्या रस्त्याइतकीच खरी आहे. जमिनीवर ती बांधाबांधाने खाल्ली गेली. दरवर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त नांगरला की झालं.

पण तुलना करताना मला दोन गोष्टी लपवायच्या नाहीत. पहिली, कॅन्ससमधलं सरासरी शेत 800 एकरांच्या आसपास आहे. महाराष्ट्रात 2015-16 च्या कृषिगणनेत सरासरी धारणा 1.34 हेक्टर होती. आठशे एकरवाल्याला कडेचे वीस फूट जाणवत नाहीत. सव्वातीन एकरांच्या माणसाच्या पोरीच्या लग्नाचा खर्च त्या वीस फुटांत असू शकतो. शेजारच्या चेस काउंटीत आज अडीच हजारांच्या आसपास माणसं उरली आहेत. रस्ते मोकळे आहेत, कारण माणसं गेली. दुसरी गोष्ट अधिक जड आहे. ही सरळ चौकट रिकाम्या जमिनीवर आखली नव्हती. ज्या कॉ या मूळनिवासी लोकांवरून राज्याला कॅन्सस नाव मिळालं त्यांना 1873 मध्ये कौन्सिल ग्रोव्हजवळच्या शेवटच्या जमिनीवरूनही उठवून ओक्लाहोमाकडे पाठवलं. आमच्या वाकड्या पाणंदी शतकानुशतकं तिथेच राहिलेल्या माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी पडल्या आहेत. त्या वाकड्या असण्यात काही कमीपणा नाही.

नानांची वाट अशी वाकडीच आहे. ओढ्याकडून वळसा घेऊन पाच-सहा खातेदारांच्या बांधाला लागून जाते. मी कॉलेजात असताना तिथून ट्रॅक्टर जायचा. मग एकाने कुंपण घातलं, दुसऱ्याने बोअरची पाइपलाइन आडवी टाकली, तिसऱ्याने वाटेवरच लिंबाची रोपं लावली. नाना अर्ज घेऊन कचेरीत गेले. अडवलेली वाट मोकळी करून देणारं मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चं कलम 5 त्यांना आता तोंडपाठ आहे, बांधावरून वाट देणारं जमीन महसूल संहितेचं कलम 143 सुद्धा. तारखा पडत गेल्या, पंचनाम्याला आलेला माणूस बांधावर उभा राहून परत गेला, आणि या वेळची मालदांडी ज्वारीची पोती त्यांनी दोन गड्यांकडून डोक्यावरून डांबरीपर्यंत आणली. बहात्तर वर्षांचा माणूस सोबत चालत होता. शेजाऱ्याशी आता बोलणं नाही. आमच्या आजोबांच्या तिरडीला खांदा देणारं घर ते.

म्हणून गटातल्या दोन्ही तटांशी माझं पटत नाही. सायकल शर्यतीला विरोध करून नानांची वाट उघडणार नाही. पुरंदरच्या डोंगरातून जगभरचे स्वार जावेत, हे मला मनापासून हवं आहे. पण चांगला रस्ता म्हणजे काळा गुळगुळीत रस्ता आणि तो पाहुणे यायच्या आत करायचा, हे आपण कधी ठरवलं? गावातही मागणी थेट काँक्रीटची होते. ठेका निघतो, पाचशे मीटर होतं, उरलेल्या दोन किलोमीटरवर वाट मुळात आहे की नाही याचाच वाद चालू राहतो. चराचा खर्च कुणी धरत नाही, आणि दुसऱ्या पावसात कडा तुटतात.

शेतवाटेला आधी मोजणी लागते, हद्दीचे दगड लागतात, दोन्ही बाजूंना चर, मग चांगला दाबलेला मुरूम, आणि दर पावसाळ्यानंतर कुणीतरी तो पुन्हा ओढणं. शेवटचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. मातोश्री पाणंद योजना 2021 मध्ये आली. 2025 मध्ये सरकारने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटरचा असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी असं ठरवलं. सातबाऱ्यावरची ती ओळ मला कुठल्याही शर्यतीच्या डांबरापेक्षा मोलाची वाटते. ती ओळ झाली की पुढच्या खरेदीदाराला वाट नव्हतीच असं म्हणता येणार नाही. मात्र जाणाऱ्या जमिनीचा मोबदला न ठरवता ती ओळ लादली, तर नानांच्या शेजाऱ्यासारखी माणसं आणखी दुरावतील. दोघांकडे मिळून आठ एकर नाही.

आणि सायकलवाल्या माझ्या भावंडांना एक विनंती. रुंद टायरची सायकल आता पुण्यातही मिळते. डांबर सोडून एकदा सासवडच्या मागे, खटावच्या माळावर, मंगळवेढ्याच्या शिवारात या. पेरणी-काढणीचे दिवस टाळा, बांधावर उभ्या बाईला विचारून पुढे जा. फोनवर फेरी नोंदवत गेलात, की वाट कुठे तुटली, कुठे वळसा घ्यावा लागला, ते त्याच्या नकाशावर उमटतं. गावनकाशाशेजारी तो नकाशा ठेवून कुणी तालुक्याच्या कचेरीत गेलं, तर नानांच्या एकट्या अर्जापेक्षा वजन पडेल. इथे चारचाकीवाले शेतकरी समोरून येताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून मला रामराम करतात. ती ओळख वर्षानुवर्षं एकाच धुळीतून गेल्यामुळे झाली आहे.

हे सगळं मी रविवारी नानांना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते सगळं खरं, पोरी. पर तिथं कडंचा चर किती खोल असतोय? आन् गाडी शेतात वळती तिथं पाइप टाकत्यात का नुसताच भराव?"

पाइप टाकतात, हे मी सांगितलं. खोली माहीत नव्हती. येत्या शनिवारी टेप घेऊन जाणार आहे.