ती अक्षरे तिच्याच हातची

२०१४ च्या जानेवारीत मी मुलीकडे न्यूयॉर्कला गेले होते. क्वीन्समधून मॅनहॅटनकडे जाणारी सात नंबरची गाडी लाँग आयलंड सिटीजवळ एक मोठे वळण घेते, आणि त्या वळणावर खिडकीतून मला एक अवाढव्य पांढरी इमारत दिसली. ती घाईघाईने पांढरी केलेली होती. जुन्या भिंतीवर चुन्याचा हात पातळ बसला की खालची जाहिरात जशी वर डोकावत राहते, तशी त्या पांढऱ्या रंगाखालून पुरुषभर उंचीची अक्षरे आणि काही चेहरे अजून दिसत होते. मुलीने सांगितले की हे ‘फाइव्ह पॉइंट्झ’. इथे शेकडो लोकांनी भिंती रंगवल्या होत्या आणि नोव्हेंबरात मालकाने एका रात्रीत त्यावर पांढरा रंग फिरवला. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम पुन्हा त्याच गाडीने गेले आणि त्या बाजूच्या खिडकीशी बसले.

माझा जन्म अक्षरांत गेला आहे. वडील साइनबोर्ड रंगवत. पत्र्यावर खडूची दोरी मारून रेघा आखणे, अक्षराचे पोट किती फुगवायचे आणि शेड कोणत्या बाजूला टाकायची हे ठरवणे, हे सगळे मी शाळेत व्याकरण शिकण्याच्या आधी त्यांच्याकडून शिकले. पुढे उपयोजित कलेचे शिक्षण घेतले आणि जाहिरातींसाठी अक्षरे काढण्यात तीस वर्षे काढली. म्हणून त्या पांढऱ्या रंगाखालची अक्षरे कोणाची, हा प्रश्न मला झोपू देईना. शोधताना जी नावे सापडली त्यांतले एक आजवर माझ्यासोबत राहिले आहे, ते म्हणजे लेडी पिंक. तिच्याविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही, आणि जे थोडे येते त्यात ‘भिंती खराब करणारी बंडखोर मुलगी’ एवढेच तिचे वर्णन असते. ते मला अन्यायाचे वाटते.

तिचे मूळ नाव सँड्रा फाबारा. जन्म १९६४ चा, दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशातील अंबातो गावचा. लहानपणीच ती न्यूयॉर्कला आली आणि क्वीन्समधील अस्टोरिया भागात वाढली. १९७९ मध्ये, पंधरा वर्षांची असताना, तिच्या मित्राला पोर्तो रिकोला पाठवून देण्यात आले, आणि त्या दुःखात ती जिथे जागा मिळेल तिथे त्याचे नाव लिहीत सुटली. तिची सुरुवात ही अशी, दुसऱ्याच्या नावाने झाली. त्याच सुमारास ती मॅनहॅटनमधील ‘हायस्कूल ऑफ आर्ट अँड डिझाइन’ या सरकारी शाळेत दाखल झाली. त्या शाळेत भुयारी रेल्वेच्या डब्यांवर लिहिणारी अनेक मुले शिकत होती. ती मुले वहीत अक्षरांचे आराखडे काढत, एकमेकांच्या वह्या पाहत, आणि कोणी दुसऱ्याचे वळण चोरले तर ते अजिबात खपवून घेत नसत.

इथे एक शब्द समजून घ्यायला हवा. बाहेरचे लोक त्यांना ‘ग्राफिटी’ करणारे म्हणत, पण त्या काळातील बहुतेक जण स्वतःला ‘रायटर’, म्हणजे लिहिणारा, एवढेच म्हणवत. मला हा शब्द अतिशय अचूक वाटतो, कारण त्यांचा सगळा खटाटोप अक्षरांचा होता, चित्र त्यात मागाहून आले. १९७१ च्या जुलैमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘टाकी १८३’ या नावाने शहरभर लिहिणाऱ्या एका पोऱ्याविषयी बातमी छापली. १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक होता. त्यानंतर नावांचा पूर आला, आणि इतक्या नावांत आपले नाव उठून दिसावे म्हणून अक्षरे बदलू लागली. ‘फेज टू’ने १९७२ च्या सुमारास फुगीर, बुडबुड्यांसारखी अक्षरे आणली. कोणी स्प्रेच्या डब्याला दुसऱ्याच कसल्या तरी डब्याचे तोंड बसवून पाहिले आणि रंगाचा फवारा रुंद पडतो हे सगळ्यांना कळले. अक्षरांना बाह्यरेषा आली, शेड आली, बाण आले, अक्षरे एकमेकांत गुंतली. ब्राँक्समधील १४९ व्या रस्त्याच्या स्थानकावर एक बाक होता, तिथे ही मुले बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहत आणि कोणाचे काम कसे झाले यावर तासन्‌तास बोलत. आमच्याकडे गणपतीच्या दिवसांत रंगारी मंडळी एकमेकांचे पडदे पाहायला जात आणि एखाद्या रेषेवरून वाद घालत, त्याची मला आठवण झाली.

पिंक आली तेव्हा या परंपरेला जवळजवळ दहा वर्षे झाली होती. तिच्यासमोर ब्रुकलिनचा डोंडी होता, ज्याची अक्षरे इतकी स्वच्छ आणि तोललेली असत की आजही ती पाहताना माझे हात जोडले जातात. आणि लोअर ईस्ट साइडचा ली किन्योनेस होता, ज्याने आपल्या साथीदारांसह अख्खी दहा डब्यांची गाडी रंगवली होती. ‘पिंक’ हे नाव तिला तिच्या गटातील ‘सीन’ या मुलाने सुचवले, ते मुलीचे आहे हे ऐकताच कळावे म्हणून. ‘लेडी’ हा मान तिने स्वतः जोडला, कारण तिला इंग्लंडमधील सरदार-दरकदारांच्या काळातील प्रेमकथा वाचण्याचे वेड होते. अक्षरकार म्हणून सांगते, नाव फार चांगले निवडले गेले. इंग्रजीत त्याची चारच अक्षरे: पहिल्याला पोट, दुसरे नुसता दांडा, तिसऱ्यात तिरकस धाव, आणि चौथ्याचे पाय हवे तितके बाहेर फेकता येतात. रात्रीच्या अंधारात, कमी वेळात लिहायला याहून सोयीचे नाव क्वचितच सापडेल.

आता ते काम प्रत्यक्षात कसे होत असे ते पाहू, कारण माझ्या दृष्टीने सगळा आदर तिथे आहे. यार्डात रात्री गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात आणि दोन गाड्यांमध्ये माणूस जेमतेम उभा राहील एवढीच फट असते. त्या फटीत उभे राहून, हातातल्या कागदावरचा आराखडा बघत, आपल्यापेक्षा उंच अक्षरे काढायची. वरच्या भागासाठी एक पाय या गाडीवर आणि दुसरा शेजारच्या गाडीवर ठेवून चढायचे. आधी फिक्या रंगाने आखणी, मग भरणी, मग पक्की बाह्यरेषा, आणि शेवटी चकाकी. आम्ही बोर्ड रंगवताना दर दोन अक्षरांनंतर दहा पावले मागे जातो, डोळे बारीक करतो आणि तोल पाहतो. त्या फटीत मागे जायला जागाच नव्हती! पंधरा मीटरांहून लांब डब्यावरची अक्षरे नाकाशी ठेवूनच काढायची आणि ती कशी दिसतात हे थेट सकाळी, गाडी उंच रुळांवरून उजेडात धावत गेली की पाहायचे. मी आयुष्यभर अक्षरे काढली, पण हे मला जमले असते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. शिवाय रुळांशेजारी सुमारे ६०० व्होल्ट दाबाचा विजेचा तिसरा रूळ, पोलिसांची धास्ती आणि इतर टोळक्यांच्या मारहाणीची भीती होतीच.

या सगळ्यात मुलगी असण्याची वेगळी किंमत होती. तिच्या आधीही मुली लिहीत असत. १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘बार्बरा ६२’ आणि ‘ईव्हा ६२’ ही नावे शहरात दिसत. पण पिंकच्या काळात यार्डात जाणारी ती जवळजवळ एकटीच होती, आणि तिचे काम चांगले दिसू लागताच मुलांनी ठरवून टाकले की हे तिच्यासाठी कोणी तरी पुरुष करून देत असणार. यावर तिच्यापाशी एकच उपाय होता: स्वतः यार्डात जायचे, लोकांसमोर स्प्रेचा डबा उचलायचा आणि पुन्हा पुन्हा लिहून दाखवायचे. तिने पुढे अनेकदा हे सांगितले आहे.

हे वाचले तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले. मी एकोणीस वर्षांची असताना वडिलांचा हात दुखावला होता आणि एका कापड दुकानाचा बारा फुटी बोर्ड मी एकटीने, परांचीवर चढून पूर्ण केला होता. दुकानदाराने काम पाहिले, ते आवडल्याचे सांगितले, आणि पैसे देताना वडिलांना म्हणाला, “पोरीनं डबे धरायला बरी मदत केली हो तुम्हाला.” वडिलांनी त्याला सत्य सांगितले, तो हसला आणि त्याने विश्वास ठेवला नाही. बोर्डाच्या कोपऱ्यात ‘पेंटर’ म्हणून वडिलांचेच नाव गेले, कारण दुकान त्यांचे होते. मला त्याचा राग आला नव्हता, निदान तेव्हा तरी नाही. पण आपल्या हातचे अक्षर आपले आहे हे सिद्ध करावे लागणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे.

१९८० मध्ये ब्राँक्समधील ‘फॅशन मोडा’ या जागेत रायटर मंडळींचे प्रदर्शन भरले, त्यात ती होती. १९८३ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘वाइल्ड स्टाइल’ या चित्रपटात तिने प्रमुख भूमिका केली. जेनी होल्झर या कलावतीबरोबर तिने मोठी चित्रे केली. सत्तेच्या गैरवापराविषयीचे होल्झरचे वाक्य छापलेला बिनबाह्यांचा शर्ट घालून टाइम्स स्क्वेअरमध्ये उभ्या असलेल्या पिंकचे छायाचित्र आजही फिरत असते. १९८५ च्या सुमारास तिने गाड्या सोडल्या.

शहरानेही तोपर्यंत पवित्रा बदलला होता. आधी दुहेरी कुंपणे, काटेरी तारा आणि कुत्रे झाले. १९८४ पासून नियम आला की रंगवलेला डबा धुतल्याशिवाय सेवेत सोडायचा नाही. हा उपाय नेमका वर्मी लागला, कारण या मुलांना हवे होते ते आपले नाव धावताना पाहणे, आणि तेच बंद झाले. १२ मे १९८९ रोजी भुयारी रेल्वे पूर्ण स्वच्छ झाल्याचे जाहीर करण्यात आले. याच लढाईच्या दिवसांत, सप्टेंबर १९८३ मध्ये, मायकल स्टुअर्ट या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला स्थानकाच्या भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून रेल्वे पोलिसांनी पकडले. तो कोमात गेला आणि १३ दिवसांनी वारला. खटला चाललेले सहाही पोलीस १९८५ मध्ये निर्दोष सुटले. भिंतीवरच्या चार अक्षरांसाठी एक जीव जातो, हे मला कोणत्याही बाजूने विचार केला तरी पटवून घेता येत नाही.

पण मी एकाच बाजूने बोलत नाही. मी स्वतः तीस वर्षे लोकलने प्रवास केला आहे. खिडकीच्या काचेवर रंग फासला असेल, आतला नकाशा नावांनी झाकला असेल आणि रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या बाईला कोणते स्थानक आले हे दिसत नसेल, तर त्या बाईचा संताप रास्त आहे. डब्याच्या आतला तो नुसता खरवडा आणि बाहेरचे रात्रभर राबून काढलेले अक्षर यांत मी फरक करते, परंतु गाडी दोन्ही वेळा सर्वांची होती आणि त्या बाईला कोणी विचारले नव्हते, हेही मान्य करते. पिंकने आज स्वीकारलेली वाट मला याच कारणाने आवडते. ती आता परवानगी घेऊन भित्तिचित्रे करते, विद्यापीठांत व्याख्याने देते, आणि क्वीन्समधील फ्रँक सिनात्रा यांच्या नावाच्या सरकारी कलाशाळेतील विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मोठमोठ्या भिंती रंगवते. ज्या मुलांना घरी रंग परवडत नाहीत त्यांना भिंत, शिडी आणि अनुभवी माणूस एकाच वेळी मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता पुन्हा त्या पांढऱ्या इमारतीकडे येते. तिथली कामे परवानगीने झालेली होती, आणि तिथे पिंकचे निसर्गमातेचे एक हिरवे भित्तिचित्र होते. कलावंत कोर्टात गेले, त्यांत ती होती. अमेरिकेत १९९० चा एक कायदा आहे, ज्यानुसार मान्यताप्राप्त दर्जाची कलाकृती, भिंत दुसऱ्याची असली तरी, चित्रकाराला रीतसर सूचना न देता नष्ट करता येत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी ४५ कलाकृतींसाठी प्रत्येकी दीड लाख, म्हणजे एकूण ६७ लाख ५० हजार डॉलर भरपाई २१ कलावंतांना देण्याचा निर्णय दिला. २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला. आपल्याकडेही कलावंताचा आपल्या कृतीवरचा नैतिक हक्क मानणारे कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम आहे, आणि विज्ञान भवनातील भित्तिशिल्प काढून टाकल्याबद्दल अमरनाथ सहगल यांना २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात न्याय मिळाला होता. परंतु सहगल नावाजलेले शिल्पकार होते. ज्या लोकांना त्याच शहराने एकेकाळी कुत्री सोडून हाकलले होते, त्यांच्या स्प्रेच्या कामाला त्याच शहरातील न्यायालयाने चित्र म्हटले, याचे मला जास्त अप्रूप आहे.

काही जुने रायटर म्हणतात की परवानगी आली, दिवसाउजेडी शिडी आली, की ते लिहिणे उरले नाही. त्यांचे दुःख मला समजते, कारण प्लॅस्टिकवर छापलेले फ्लेक्स आले तेव्हा माझ्या वडिलांनीही असेच काहीसे म्हटले होते. पण त्यांच्याशी मी सहमत नाही. दोन गाड्यांच्या फटीत नाकाशी अक्षर ठेवून जो तोल पिंकच्या हातात आला, तो भिंतीच्या मालकाने होकार दिल्यामुळे कमी झालेला नाही. तिची आताची भित्तिचित्रे पाहा, विशेषतः जिथे ती अक्षरांना विटा, पाने आणि बायकांचे चेहरे देते ती. अस्टोरियात वेलिंग कोर्ट परिसरातील भिंतींवर वर्षानुवर्षे जी रंगकामे होत आली आहेत त्यांत तिचा हात राहिला आहे. पुढच्या खेपेला मुलीकडे गेले की मी तिथे चालत जाणार आहे, आणि या वेळी गाडीच्या खिडकीतून नव्हे, तर भिंतीसमोर दहा पावले मागे उभी राहून ती अक्षरे पाहणार आहे.