एखादं सॉफ्टवेअर सोर्स कोडवरून बांधायला काय काय लागतं ते एकदाच सांगायला काय जातं?

टारबॉल, म्हणजे सोर्स कोडचं गाठोडं, उतरवला, सोडवला, मशीनवर काय आहे-नाही ते तपासणारी कॉन्फिगर ही स्क्रिप्ट चालवली. ओळींमागून ओळी सरकतात आणि मग एकदम थांबतं: अमुक लायब्ररी (प्रोग्रामला लागणारा तयार कोड) सापडली नाही. ठीक, ती बसवली. पुन्हा कॉन्फिगर. सगळी तपासणी पहिल्यापासून, आणि आता दुसरीच लायब्ररी नाही. ती बसवली, तर तिसरी नाही. अरे, कोणकोणत्या लायब्ररी लागणार आहेत हे त्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे! यादी तयार असताना एकेक नाव सांगून माणसाला पळवत ठेवायचं, हे मुकाट्याने चालवून घ्यायची आपल्याला सवय लागली आहे. ती सुटली पाहिजे.

असं होतं कारण लिहिणाऱ्याने सोपी वाट धरलेली असते. कॉन्फिगर बनवणाऱ्या ऑटोकॉन्फमध्ये लायब्ररी शोधणारा पीकेजी_चेक_मॉड्यूल्स हा मॅक्रो (तयार आज्ञा) असतो, त्याला चौथा आर्ग्युमेंट देता येतो, लायब्ररी नसेल तर काय करायचं ते सांगणारा. तो दिला नाही की स्क्रिप्ट तिथेच एरर देऊन मरते. त्या चौथ्या जागी नुसतं नाव एका व्हेरिएबलमध्ये साठवलं आणि शेवटी एकच एरर दिली, तर सगळी यादी एका फटक्यात समोर येईल. सीमेक या तशाच दुसऱ्या साधनामध्ये तर यासाठी फीचरसमरी नावाचं तयार मॉड्यूल आहे. केडीई या लिनक्स डेस्कटॉपचे प्रकल्प ते वापरतात आणि काय सापडलं, काय नाही, काय ऐच्छिक आहे हे शेवटी नीट छापतात. म्हणजे हे जमतं. बाकीचे लायब्ररी शोधणाऱ्या प्रत्येक फाइंड_पॅकेजपुढे रिक्वायर्ड (‘हवंच’) लिहून मोकळे होतात आणि पहिल्या ठेचेलाच सगळं बंद.

मग नावांचा छळ. रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं: ‘झेडलिब लागेल’, म्हणजे डेटा आवळून लहान करणारी लायब्ररी. बरं. सी कोडला हवी असते झेडलिब डॉट एच ही हेडर फाइल. प्रोग्रामला लायब्ररी जोडणाऱ्या लिंकरला सांगायचं -एलझेड. लिनक्सच्या डेबियन या डिस्ट्रोवर (तयार संचावर) पॅकेज मागायचं झेडलिब१जी-डेव्ह या नावाने, फेडोरा या डिस्ट्रोवर झेडलिब-डेव्हेल या नावाने. ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी डेबियनवर होते लिबएसएसएल-डेव्ह आणि फेडोरावर ओपनएसएसएल-डेव्हेल. नवख्या माणसाने हे कुठून ओळखायचं? रीडमीमध्ये दोन ओळी वाढवल्या असत्या, एक डेबियनवर पॅकेज बसवणाऱ्या ॲप्टची आणि एक फेडोरावरच्या डीएनएफची, तर हा सगळा अंदाजपंचे कारभार टळला असता.

आणि ‘लायब्ररी तर बसवलेली आहे, तरी सापडत कशी नाही?’ या प्रश्नावर ‘नीट बघा’ असं उत्तर देणाऱ्यांचा मला खरोखर संताप येतो. कारण सरळ आहे, ते सांगा ना! डेबियन आणि फेडोरा लायब्ररीचे दोन तुकडे करतात. प्रोग्राम चालवायला लागणाऱ्या पॅकेजमध्ये फक्त लिबझेड डॉट एसओ डॉट १ असते. लिंकर -एलझेड ऐकल्यावर शोधतो ती लिबझेड डॉट एसओ, शेवटी आकडा नसलेली. ती सिमलिंक (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल), हेडर फायली आणि लायब्ररीचा पत्ता सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिग या साधनाची डॉट पीसी फाइल हे सगळं डेव्ह किंवा डेव्हेल पॅकेजमध्ये असतं. म्हणून वर्षभर बिनतक्रार चालणाऱ्या मशीनवरही ‘कॅनॉट फाइंड -एलझेड’ येतं. आर्च या डिस्ट्रोवर हे तुकडे नसतात, हेडर मूळ पॅकेजमध्येच येतात. त्यामुळे आर्चवर बसून लिहिलेल्या सूचना इतरांच्या काहीच कामाच्या नसतात.

नाव माहीत नसेल तर नावावरून शोधत बसू नका, फाइलवरून शोधा. डेबियन-उबंटूवर ॲप्ट-फाइल बसवा, एकदा ॲप्ट-फाइल अपडेट करा आणि मग ॲप्ट-फाइल सर्चला हरवलेल्या हेडरचं किंवा डॉट पीसी फाइलचं नाव द्या. फेडोरावर डीएनएफ प्रोव्हाइड्स. तिथे आणखी एक सोय आहे: डीएनएफ इन्स्टॉलला कंसात पीकेजी-कॉन्फिगचं नाव देता येतं, पीकेजीकॉन्फिग(जीटीके+-३.०) असं, अवतरण चिन्हांत. पॅकेजचं खरं नाव तो स्वतः शोधतो. इतकी चांगली सोय आणि ती किती सूचनांमध्ये लिहिलेली दिसते? जवळपास कुठेच नाही.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे, जे बांधायचंय त्याची जुनी आवृत्ती डिस्ट्रोमध्ये असेल तर ॲप्ट बिल्ड-डेप आणि पुढे पॅकेजचं नाव. डेबियनच्या माणसांनी केलेली अख्खी यादी एका दमात बसते. अट एकच, सोर्सेसच्या यादीत डेब-एसआरसी चालू हवं. ते नसेल तर ॲप्ट सोर्सच्या ओळी टाका म्हणतो, आणि लोक तिथेच नाद सोडतात. फेडोरावर याचंच नाव डीएनएफ बिल्डडेप. डिस्ट्रोमध्ये सॉफ्टवेअरच नसेल तर कॉन्फिगर ज्या फाइलवरून बनतं त्या कॉन्फिगर डॉट एसीमध्ये ग्रेप या शोधायच्या आज्ञेने पीकेजी_चेक_मॉड्यूल्स शोधा, सीमेकलिस्ट्समध्ये फाइंड_पॅकेज शोधा, आणि प्रकल्पाची आपोआप चाचणी घेणारी सीआयची फाइल उघडा. ती आधी वाचा म्हणेन मी, कारण तिथे ॲप्ट इन्स्टॉलची संपूर्ण ओळ बहुतेक वेळा जशीच्या तशी असते. मशीनसाठी यादी लिहिली, माणसांसाठी नाही लिहिली. का?

कॉन्फिगरच्या ‘नो’वर तर विश्वासच ठेवू नका. कॉन्फिगर एक छोटा प्रोग्राम लिहून कंपाइल करून बघतं. तो कुठल्याही कारणाने पडला तरी उत्तर तेच, ‘नो’. कंपायलरला द्यायच्या पर्यायांत, म्हणजे सीफ्लॅग्जमध्ये, तुम्ही -डब्ल्यूएरर (प्रत्येक वॉर्निंगला एरर मानायला सांगणारं) टाकलं असेल आणि चाचणीच्या प्रोग्राममध्ये एखादी वॉर्निंग निघाली, तरी लायब्ररी ‘नाही’. खरं कारण कॉन्फिग डॉट लॉगमध्ये असतं. तिथेही शेवटच्या ओळी बघून उपयोग नाही, कारण शेवटी कॅश व्हेरिएबल्सचा (साठवून ठेवलेल्या उत्तरांचा) ढीग ओतलेला असतो. लायब्ररीचं नाव शोधा, त्याखालची कंपायलरची एरर वाचा. पीकेजी-कॉन्फिगचाही असाच एक त्रास: डॉट पीसी फाइल /यूएसआर/लोकल/लिबखाली असते आणि काही डिस्ट्रोंवर तो तिथे बघतच नाही. तेव्हा पीकेजी_कॉन्फिग_पाथ या व्हेरिएबलमध्ये ती फाइल असलेली डिरेक्टरी घाला. आणि ‘अमुकला लागणारं तमुक सापडलं नाही’ असं म्हणत असेल तर अमुक पुन्हा पुन्हा बसवू नका, तमुकचं डेव्ह पॅकेज बसवा.

सीमेकमध्ये लायब्ररी बसवूनही जुनंच रडगाणं चालू राहिलं तर बिल्ड डिरेक्टरी सरळ उडवा. चेक_इन्क्लूड_फाइलसारख्या चाचण्यांचं नकारार्थी उत्तर कॅशमध्ये राहतं आणि चाचणी पुन्हा होतच नाही. ३.२४ पासून --फ्रेश हा पर्याय आहे, तो द्या.

थांबणारी स्क्रिप्ट तरी परवडली. न थांबणारी त्याहून वाईट! पायथन सोर्सवरून बांधा, ओपनएसएसएलचे हेडर नसले तरी बिल्ड पूर्ण होतं. मेकच्या शेवटी दोन-चार ओळींत छापलेलं असतं की अमुक मॉड्यूल बांधता आले नाहीत, आणि ते शेकडो ओळींच्या तळाशी कोण वाचणार? इन्स्टॉल होतं. मग पायथनची पॅकेजं बसवणारा पिप नेटवरून काही उतरवू शकत नाही, कारण सुरक्षित जोडणी करणारं एसएसएल मॉड्यूलच नाही. लिबएफएफआय नसेल तर सीटाइप्स गायब, तसंच एसक्यूलाइट, बीझेड२, एलझेडएमए, रीडलाइन. एसएसएलशिवायचं पायथन कितीजणांना मुद्दाम हवं असतं? ज्याला हवं त्याने एक पर्याय देऊन मागावं. बाकीच्यांसाठी बिल्ड थांबलंच पाहिजे.

गिटवरून घेतलेल्या कोडची रड वेगळी. तिथे कॉन्फिगर फाइलच नसते, ती तयार करायला ऑटोरीकॉन्फ -एफआय चालवावं लागतं आणि त्याला ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल हवेत. पीकेजी-कॉन्फिग बसवलेला नसताना ते चालवलं तर मॅक्रो उलगडत नाही आणि कॉन्फिगर ‘पीकेजी_चेक_मॉड्यूल्सजवळ सिंटॅक्स एरर’ म्हणून कोसळतं. यात सिंटॅक्सची काहीही चूक नाही! पीकेजी-कॉन्फिग बसवा, ऑटोरीकॉन्फ पुन्हा चालवा, सुटला प्रश्न. एखादी डिरेक्टरी रिकामी दिसली तर ते सबमॉड्यूल, म्हणजे आत जोडलेला दुसरा गिट प्रकल्प, आहे: गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह. गिटहब आपोआप जे सोर्सचं झिप बनवतं त्यात सबमॉड्यूल नसतात, आणि तरीही प्रकल्प तेच झिप ‘रिलीज’ म्हणून खुशाल पुढे करतात.

आणि कृपा करून तो सल्ला देणं थांबवा, ‘लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १.१ नाही ना, मग ३ वर सिमलिंक टाक’. ओपनएसएसएल १.१.१ आणि ३.० यांचं एबीआय, म्हणजे कंपाइल झालेल्या प्रोग्रामने लायब्ररीशी बोलायची पद्धत, एक नाही. फाइलच्या नावातला आकडा त्यासाठीच बदललेला आहे. सिम्बॉलच्या (लायब्ररीतल्या फंक्शनांच्या नावांच्या) आवृत्त्या जुळत नाहीत म्हणून प्रोग्राम सुरूच झाला नाही तर सुटलात. जिथे असा पहारा नसतो तिथे प्रोग्राम सुरू होतो आणि मेमरीत गोंधळ घालून भलत्याच ठिकाणी पडतो. जुना कोड नव्या लायब्ररीवर पुन्हा कंपाइल करा. ‘इनकम्प्लीट टाइप’ अशी एरर आली तर तो कोड २०१६ च्या १.१.० च्या आधीचा आहे, कारण त्या आवृत्तीपासून ओपनएसएसएलने आपली बरीच स्ट्रक्चर्स बाहेरच्यांसाठी बंद केली. तिथे कोडच बदलावा लागतो.

प्रकल्प चालवणाऱ्यांनो, तुमच्या मशीनवर सगळं कधीचंच बसलेलं असतं, म्हणून तुम्हाला हे दिसत नाही. एकदा डेबियनच्या कोऱ्या कंटेनरमध्ये (मशीनवरच्या वेगळ्या, रिकाम्या वातावरणात) आणि एकदा फेडोराच्या कोऱ्या कंटेनरमध्ये तुमचाच टारबॉल बांधून बघा, आणि प्रत्येक वेळी जे जे बसवावं लागलं ते, किमान कोणती आवृत्ती हवी त्यासकट, रीडमीमध्ये लिहा.