‘दहा वर्षं झाली, आता फ्रिज काढा’: हा सल्ला चुकीचा आहे

पावसाळा तोंडावर आला की एक संदेश आमच्या गोव्यातल्या, फोंड्याच्या ग्रुपांवर फिरू लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: फ्रिजचं आयुष्य दहा वर्षं, त्यानंतर दुरुस्ती म्हणजे पैसे पाण्यात. दुरुस्तीचा खर्च नव्या फ्रिजच्या निम्म्यावर गेला की जुना काढून टाका. नवा फ्रिज वीजबिलातून दोन-तीन वर्षांत स्वतःचे पैसे फेडतो. एकदा गॅस (नळ्यांत फिरून फ्रिज गार करणारा) गेला की फ्रिज गेला. जुन्या फ्रिजचा गॅस धोकादायक असतो. आणि शेवटी, कपाटात बसवलेला फ्रिज असेल तरी काळजी नको, त्याच खणात नवा बसतो, एका दिवसाचं काम.

मी हे सगळं खरं मानून एक लाख सदतीस हजार रुपये खर्च करायला निघाले होते. म्हणून उत्तर लिहिते आहे.

आमचा फ्रिज २०१२ चा. स्वयंपाकघर नव्याने केलं तेव्हा ओट्याच्या कडेच्या उंच कपाटात बसवलेला. बाहेरून बघाल तर कपाटाचंच दार वाटतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दूध नासायला लागलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे खालचा फ्रीझर इसवण (सुरमई) आणि सुंगटांनी (कोळंबीने) भरलेला. कंपनीचा माणूस आला, दार उघडून आत हात घातला, मागे कान लावला आणि म्हणाला, “कॉम्प्रेसर बसला आहे, गॅसही कमी आहे. दहा वर्षांवर गेलाय, नवा घ्या.” फ्रिजचा एक स्क्रूही त्याने काढला नाही. नव्या बिल्ट-इन फ्रिजचा अंदाज आला १,१५,००० आणि सुताराचे २२,०००.

पहिला मुद्दा वयाचा. दहा हा आकडा बहुतेक कॉम्प्रेसरच्या, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या यंत्राच्या, वॉरंटीवरून लोकांच्या डोक्यात बसला असावा. बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी देतात. वॉरंटी संपली म्हणजे कंपनीची जबाबदारी संपली. यंत्राचं आयुष्य तिथे संपत नाही. काही जण दारावरचं स्टारचं लेबल दाखवतात, कारण त्यावर मुदत छापलेली असते. ती मुदत त्या स्टार-मोजणीची असते, फ्रिजची नव्हे. फ्रिजमध्ये सहसा झिजणाऱ्या गोष्टी मोजक्याच: पंखे, दाराचं रबर, रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा स्विच), थर्मोस्टॅट, बर्फ वितळवणारा हीटर आणि त्याचा सेन्सर. यातली प्रत्येक वस्तू बदलता येते. तेव्हा फ्रिज किती वर्षांचा यापेक्षा नेमकं काय बिघडलं आणि ते कुठे आहे, हे आधी विचारायला हवं.

आणि काय बिघडलं याच्या खुणा फ्रिज स्वतःच दाखवतो. फ्रीझर गार आहे पण फ्रिजचा कप्पा कोमट, आणि फ्रीझरच्या मागच्या भिंतीवर जाड बर्फ साचलंय: बर्फ वितळवणारी यंत्रणा बंद पडली आहे, हवा पुढे जात नाही. दर काही मिनिटांनी मागून ‘टक्’ आवाज येतो आणि पुन्हा शांत: कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतोय, रिले किंवा ओव्हरलोड (कॉम्प्रेसर फार तापला की तो बंद करणारा स्विच) आधी तपासा. फ्रीझरमागच्या गार कॉइलचा सुरुवातीचाच भाग बर्फाने पांढरा आणि उरलेला कोरडा: गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. दार बंद केल्यावर मध्ये ठेवलेला कागद अलगद निसटतो: रबर गेलं. गोव्याच्या दमट हवेत एवढ्याशा फटीतूनही आत पाणी साचतं आणि कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही.

कंपनीच्या माणसानंतर कुंडईहून एक मेकॅनिक आला. कितीतरी वर्षं हेच काम करणारा माणूस. त्याने दार उघडलंच नाही. आधी जमिनीवर आडवा पडून खालची जाळी काढली. जाळीमागे धुळीची अक्षरशः गादी होती, त्यात झुरळांची अंडी, आणि कंडेन्सरचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांचा) छोटा पंखा गंजून अडखळत फिरत होता. मग स्टुलावर चढून त्याने कपाटाच्या माथ्यावर हात फिरवला आणि मला वर बोलावलं. “वयनी, हाका स्वास घेवपाक सुवातच ना.” याला श्वास घ्यायला जागाच नाही. खरंच नव्हती. कपाट करताना मेस्तांनी (सुतारांनी) वरची फट प्लायच्या पट्टीने बंद केली होती. पाली आणि झुरळं जाऊ नयेत म्हणून आम्हीच तसं सांगितलं होतं. वर्षानुवर्षं गरम हवा त्या कपाटात कोंडत होती.

कपाटातल्या फ्रिजची गोष्ट इथेच वेगळी होते. फ्रिज थंडी तयार करत नाही; आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. उघड्या फ्रिजच्या भोवती हवा असते. कपाटातल्या फ्रिजला खालून थंड हवा आत आणि मागून वर गरम हवा बाहेर असा रस्ता लागतो. युरोपियन बिल्ट-इन फ्रिजच्या पुस्तिकांत सहसा किमान २०० चौरस सेंटिमीटरची वाट मोकळी ठेवायला सांगितलेली असते, म्हणजे ५० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद फट, आणि ती खाली आणि वर दोन्हीकडे. आपल्याकडे सुतार फट झाकतो, कारण ती दिसायला बरी नाही. मग फ्रिज तापतो आणि दोष वयावर जातो. कपाट हा त्या फ्रिजचाच अर्धा भाग आहे हे कुणी तपासतच नाही.

त्याहून वाईट प्रकार मी ओळखीच्या चार घरांत पाहिला: साधा, सुटा फ्रिज घेऊन त्याला तिन्ही बाजूंनी प्लायची चौकट ठोकायची आणि ‘बिल्ट-इन’ म्हणायचं. अलीकडच्या बऱ्याच सुट्या फ्रिजांना मागे काळी जाळी नसते. उष्णता टाकणाऱ्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड असतात. चालू फ्रिजच्या कुशीला हात लावा, गरम लागेल. तीच कूस प्लायला चिकटवली तर नवा फ्रिजही लवकर दमतो. असा फ्रिज बिघडून तुम्ही त्याच चौकटीत दुसरा घातलात तर तोही त्याच वाटेने जाणार.

आमची दुरुस्ती: पंख्याची मोटर, कंडेन्सर साफ, दाराचं रबर, वरची पट्टी कापून तिथे बारीक जाळी, मजुरी. एकूण ५,२०० रुपये. कॉम्प्रेसर ठीक होता. गॅस पुरेसा होता.

आता निम्म्या खर्चाचा नियम. सुट्या फ्रिजसाठी तो ढोबळ अंदाज म्हणून चालेल. पण संदेशात ‘नव्याची किंमत’ म्हणजे दुकानातली पाटी धरली आहे. कपाटातल्या फ्रिजला सुतार, दाराचं पॅनेल, बिजागऱ्या, कधी विजेचा पॉइंट सरकवणं, सगळं लागतं. आणि नियम आणखी एक गोष्ट विसरतो: दुरुस्ती कशाची आहे? पंख्यावरचे पाच हजार आणि फ्रिजच्या भिंतीत गाडलेल्या नळीच्या गळतीवरचे पाच हजार सारखे नाहीत. पहिले पुढची कित्येक वर्षं देतात, दुसरे कदाचित सहा महिने.

विजेच्या मुद्द्यावर मी थोडी थांबते, कारण सगळ्यात जास्त लोक यालाच भुलतात. कंपनीच्या माणसाची वाट बघत होतो तेव्हा शेजारच्या इलेक्ट्रिशियन मुलाने प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर दिला. बिघडलेला असताना फ्रिज दिवसाला ३.१ युनिट खात होता. कॉम्प्रेसर क्षणभर थांबत नव्हता. दुरुस्तीनंतर आठवडाभराची सरासरी आली १.७. संदेशातली तुलना आजारी फ्रिजची धडधाकट नव्याशी आहे. तुलना बऱ्या केलेल्या जुन्याशी करा. १.७ युनिट म्हणजे वर्षाला साधारण ६२०. मला दाखवलेल्या नव्या फ्रिजच्या लेबलावर वर्षाला २८० होते. फरक ३४० युनिट. हिशेबासाठी युनिटला ५ रुपये धरले तर वर्षाला १,७०० रुपये वाचतात. १,३७,००० भरून निघायला ८० वर्षं लागतील. दर दुप्पट झाला तरी ४०.

सुटा फ्रिज असेल तर आकडे बदलतात, आणि तिथे मी संदेशाशी अर्धी सहमत आहे. स्टार-लेबल आपल्याकडे २००६ मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झालं आणि फ्रॉस्ट-फ्री (बर्फ आपोआप वितळवणाऱ्या) फ्रिजना २०१० पासून सक्तीचं झालं. निकष तेव्हापासून कडक होत आले आहेत. त्याआधीचा एखादा फ्रिज दुरुस्तीनंतरही दिवसाला ४ युनिट खात असेल आणि ३०,००० चा नवा १ युनिटात काम करत असेल, तर वर्षाला सुमारे १,१०० युनिट म्हणजे ५,५०० रुपये वाचतात. साडेपाच वर्षांत पैसे फिटतात. तिथे जरूर बदला. पण मीटर लावून बदला.

‘गॅस गेला की फ्रिज गेला.’ फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला तर कुठूनतरी गळलाय, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणारा मेकॅनिक तुम्हाला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणार. रीतसर काम असं: नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधायची, ती बंद करायची, फिल्टर नवा घालायचा, व्हॅक्यूम पंपाने नळ्या कोरड्या करायच्या आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. किती ग्रॅम ते फ्रिजच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. मेकॅनिककडे काटा आहे का, एवढं विचारा. उत्तरावरून बरंच कळतं. मागच्या उघड्या नळीची किंवा सांध्याची गळती दुरुस्त होते. आमच्याकडे किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवा सांधे खाते, तिथे हे काम नेहमीचं आहे.

मात्र गळती थंडी धरून ठेवणाऱ्या फोमच्या भिंतीत गाडलेल्या नळीत असेल तर तो फ्रिज सोडून द्यावा असं माझंही मत आहे. तसंच बाहेरचा पत्रा कायम घामेजलेला आणि गार लागत असेल, म्हणजे आतला फोम पाणी प्यायला असेल, तर. कंट्रोल बोर्ड गेला आणि तो कुठेच मिळत नसेल, तर. यातलं एकही कारण वाढदिवसावरून कळत नाही.

गॅसच्या धोक्याबद्दल संदेश उलटं सांगतो. जुन्या फ्रिजमधला आर-१२ आणि नंतरचा आर-१३४ए हे दोन्ही पेट घेत नाहीत. आर-१२ ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगभर तो हटवला गेला. आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही पण हवामान तापवतो. पेटणारा गॅस आहे तो आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, आणि तो आजच्या बहुतेक नव्या फ्रिजांत असतो. त्यालाही घाबरायचं कारण नाही: घरच्या फ्रिजमध्ये तो सहसा पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास असतो, आणि ओट्याखाली आपण त्याच कुळातल्या गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर ठेवतो. काळजी घ्यायची ती कामाच्या वेळी. नळीत गॅस असताना ज्योत लावायची नाही, खिडक्या उघड्या. आणि आर-१३४एच्या फ्रिजमध्ये स्वस्त पडतो म्हणून आर-६००ए भरू देऊ नका. त्या फ्रिजमधले स्विच आणि थर्मोस्टॅट पेटणाऱ्या गॅसचा विचार करून बनवलेले नसतात, ठिणगी आतच पडू शकते. हे आपल्या भागात सर्रास होतं आणि मला त्याची खरोखर भीती वाटते.

राहिलं ‘एका दिवसाचं काम’. युरोपियन मापाचा खण ५६ सेंटिमीटर रुंद असतो, उंची मात्र मॉडेलप्रमाणे बदलते. काही फ्रिजांचं दार कपाटाच्या दाराला थेट जोडलेलं असतं, काहींत पट्टीवर सरकतं. एका पद्धतीचं पॅनेल दुसरीला तसंच लागत नाही. आमच्या खणाची उंची त्या नव्या मॉडेलपेक्षा चार सेंटिमीटर कमी निघाली, म्हणून तर सुताराचे बावीस हजार. बदलायचाच असेल तर आधी खण मोजा: रुंदी, उंची, खोली, प्लगची जागा, दार कुठल्या बाजूला उघडतं, आणि हवेची वाट. जुना घेऊन जाणाऱ्याला गॅस कसा काढणार ते विचारा. भंगारवाला पकडीने नळी कापतो आणि सगळा गॅस तिथेच हवेत जातो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, फ्रिज त्यांत येतो, आणि परत घेण्याच्या सोयीबद्दल तुम्ही विकणाऱ्या कंपनीला पैसे देण्याआधीच विचारू शकता.